गाळलेल्या दोन ओळी

भाद्रपदातल्या एका मंगळवारी माझा भाऊ कपाशीवर फवारणी करताना पडला आणि वाशीमच्या दवाखान्यात पोचण्याआधी वारला.

तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं मजुरी केली म्हणून मी शाळेत गेलो. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत फवारणीची औषधं आमच्याकडे नवीन होती आणि डब्यावरची माहिती इंग्रजीत असे. कोण्या शिकलेल्या माणसानं ती एका कागदावर मराठीत उतरवली होती. त्या कागदाला मालक नव्हता. पाहिजे त्यानं उतरवून घ्यायचा, चूक दिसली तर सुधारायची, पुढच्या गावाला द्यायचा. सकाळी पंप भरण्याआधी कोणीतरी तो मोठ्यानं वाचे आणि मजूर ऐकत.

भाऊ गेला त्या हंगामात कारंज्याहून एक प्रत आमच्या वस्तीत आली. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. ‘फवारनी’, ‘पानी’, ‘औशध’ असं वाचून मला राहवेना. सगळं शुद्ध केलं आणि कार्बन लावून पाच प्रती काढल्या. भाऊ शेजारी बसून बघत होता.

“हे खालचं पेन्सिलीचं कायले सोडलं?”

“ते मागून कोणीतरी लिहिलं आहे. अशुद्ध आहे.”

“बरं गुरुजी. तुले समजते, मले काय!” तो हसला.

एक प्रत आमच्याकडे राहिली. चार मालेगाव आणि शेलूबाजारच्या बाजूला गेल्या.

माती दिल्यावर त्याच्या जोडीचा मजूर माझ्याजवळ बसला. म्हणाला, “डोकं गरगरून राह्यलं म्हने. म्या म्हनलं, बस ना बाप्पा. तं म्हने, कागदात बसाचं काही लिहेल नाही. माह्या भावानं लिहेल हाय तो कागद. धुऱ्यापर्यंत जातो अन् मंग बसतो.”

मी घरी येऊन वहीतून कारंज्याची जुनी प्रत काढली. खाली दोन ओळी होत्या: ‘डोक गरगरल का पंप ऊतरवजो अन सावलित बसजो. धुर्यापर्यंत जातो म्हनशिन त मरशिन.’

त्या वाचल्या आणि आधी भाऊ आठवला नाही. त्या चार प्रती आठवल्या. फवारणीचा हंगाम अजून महिनाभर होता.

तिसऱ्या दिवशीच एस.टी. धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं होती. प्रत्येकाकडे मी तो वावराच्या टोकाच्या धुऱ्याला पोचेपर्यंत पाहत होतो. गाडी पुढे जाई आणि तो पोचला का, ते कळत नसे.

शेलूबाजारला एका दुकानात माझी प्रत खिळ्याला लावलेली होती. दुकानदार वयानं मोठा.

“तुमीच लिहेल हाय का हे? वा! काय अक्षर हाय, मोत्यावानी.”

“काका, याच्या आधी इथं होती ती जुनी प्रत कुठं आहे?”

“ते गचाळ? फाडून टाकली ना. तुमचं आलं, मंग ते कायले ठेवाचं? चार गावचे लोक इथूनच उतरवून नेतात आता.”

“त्यात खाली काही लिहिलं होतं?”

“होतं बा काहीतरी. आमी वाचतच नोतो ते. तोंडपाठ होतं जुन्या लोकायले.” मग तो थांबला. “काहून? काय झालं?”

मी त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली. त्या दोन ओळी खाली लिहिल्या, मूळ लिहिणाऱ्यानं लिहिल्या तशाच अशुद्ध. कोण कोण उतरवून घेऊन गेलं, ते त्याला सगळं आठवेना. आठवली त्या गावांना मी पायी गेलो; एका गावात माझी दुसरी प्रत सापडली. एके ठिकाणी बायका दारात रडत होत्या. मी एकाला विचारलं. म्हातारी गेली होती, वयानं. त्या गावच्या प्रतीखाली दोन ओळी लिहून मी पुढे निघालो.

मालेगावकडच्या दोन प्रती महिनाभर शोधल्या. हंगाम संपला. त्या वर्षी कोणाच्याही मरणाची बातमी आली की मी आधी विचारायचो, कसा गेला?

चारपैकी दोन सापडल्या. बाकीच्या दोन आणि त्यांवरून उतरवलेल्या प्रती कुठं गेल्या, हे मला माहीत नाही. वहिनी माझ्या घरी राहते. त्या दोन ओळींबद्दल मी तिला सांगितलेलं नाही.