वजन बघून घेतलेली एसएसडी

वनिता गेल्याचं तिच्या भाच्यानं नेऱ्याहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी तिचीच वाट बघत होते. माहेरी हळदीला गेली होती, दुपारपर्यंत येते म्हणाली होती. छातीत दुखायला लागलं आणि पनवेलला आणेपर्यंत सगळं संपलं. भाचा बोलत होता आणि मी आधणात साखर घालत होते... दोघींच्या चहाची.

आमची ओळख समोरासमोरच्या दारांची. गावाकडची जमीन विकून पैसे आले तेव्हा तिच्या नवऱ्यानं हा फ्लॅट घेतला आणि वर्षभरात तो गेला. मी निवृत्त, लग्न न केलेली, आणि खरं सांगायचं तर माणूसघाणी. सोसायटीत माझ्याकडे कुणी फिरकत नसे. तिची लेक शीतल जर्मनीत. मोबाइलवर नात नखाएवढी दिसते, म्हणून वनिता रोज चार वाजता माझ्या कंप्युटरवर तिच्याशी बोलायची. कंप्युटर इतका म्हातारा, की सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायचा. म्हणून ती साडेतीनलाच यायची, भिजवलेले वाल घेऊन. वाल सोलता सोलता जगाची उणीदुणी. मी कधी नव्हे ती पोटभर बोलायचे.

एक दिवस कंप्युटर मध्येच अडकला आणि माझं टाळकं फिरलं. रिपेअरवाला म्हणाला, नवा नको, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, तिच्यावर तो झटकन सुरू होईल. वनिता म्हणाली, "चालतोय ना? घाई कुनाला हाय?"

"मला आहे," मी म्हटलं आणि तिलाच घेऊन बाजारात गेले. दुकानदारानं आधी पातळ पट्टीसारखी एक दाखवली, ती आमच्या जुन्या मशीनमध्ये बसणारीच नव्हती. मग डबीसारख्या दोन काढल्या. महागडी घेऊन उपयोग नाही, जुन्या मशीनला तेवढा वेग झेपतच नाही, असं त्यानंच सांगितलं. दुकानदार असून खरं बोलला. मी सगळ्यात स्वस्त उचलली. वनितानं ती हातातून काढून घेतली, सुरमई पारखावी तशी उलटीपालटी केली. "ताई, ही रिकामी डबी हाय. आत काय नाय." दुकानदार हसला, "मावशी, हे वजनावर नसतं." पण ती कुठली ऐकते! दुसरी जरा जड होती, धातूच्या कवचाची. वॉरंटीही जास्त निघाली. शेवटी मी तीच घेतली आणि घरी येईपर्यंत वनितानं मला ऐकवलं.

ती बसवल्यावर कंप्युटर बटण दाबताच उघडायला लागला. मी खूश. वनिता नुसतं "बरा झाला" म्हणाली. दुसऱ्या दिवशी साडेतीनला दारात हजर. "अगं, आता लवकर यायचं कारण नाही," मी म्हटलं. "सवय हाय, ताई," म्हणाली आणि वाल सोलायला बसली. मला ते खरं वाटलं. शेवटपर्यंत ती साडेतीनलाच येत राहिली.

आता दुपार खायला उठते. टीव्ही लावते, बंद करते. दाराशी पावलं वाजली की उगाच उठते... मागच्या आठवड्यात चार वाजता कंप्युटरवर शीतलचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर बसून पोर जेवत होती. मी म्हटलं, "थोडा आधी केलास तरी चालेल गं. मी रिकामीच असते."

"आधी?" ती म्हणाली. "पण आई तर शेवटपर्यंत सांगायची, ताईंचा कंप्युटर सुरू व्हायला अर्धा तास लागतो, चारच्या आधी करू नको. मी किती वेळा म्हटलं, एसएसडी टाकून घ्या, स्वस्तात मिळते. तर म्हणायची, ताई ऐकत नाय."

पोटच्या लेकीशी खोटं बोलून तिनं तो अर्धा तास माझ्यासाठी ठेवला होता.

"मावशी, अजून तेवढाच हळू आहे का तो?"

"हो गं," मी म्हटलं. "फार हळू आहे. चारलाच कर."