शिखाचं पाडव्याचं वाचन

आमच्या देवासच्या गल्लीत बोभाटा झाला की टंकसाळ्यांच्या शिखानं कुणा बाबाचा मंत्र घेतलाय, रोज पहाटे गच्चीवर एकटीच पुटपुटते. बोभाटा मीच केला होता. खरं एवढंच की ती मराठी पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचत होती.

त्यांच्याकडे पाडव्याला सगळ्यांसमोर पंचांगातलं वर्षफल वाचतात. गेल्या पाडव्याला तिच्या वडिलांना, कृष्णरावांना, अक्षरच दिसेना. हिंदी शाळांत शिकलेल्या पोरांना ती जुनी मराठी धड वाचता येईना. त्यांचा पुतण्या अंशुल आमच्या माळव्यातल्या 'भैया'च्या ढंगात म्हणाला, "भिया, टेन्शन कशाला, मोबाइलवर ऐकून घेऊ!" कृष्णराव पंचांग मिटून आत निघून गेले. त्याच दिवशी शिखानं ठरवलं, पुढचं वर्षफल आपण वाचायचं.

मग रोज नोकरीसाठी सोनकच्छची बस पकडण्याआधी एक पान. पान चुकलं तर त्या दिवशी चहा बंद. मी शेजारच्या गच्चीवरून ओरडायचो, "शिखे, आज चहा आहे ना?" ती पान संपवल्याशिवाय मान वर करायची नाही. वर्षात तिचा चहा चारदाच बुडाला. माझे संकल्प चार दिवस टिकत नाहीत.

यंदा पाडव्याला तिनं वर्षफल शेवटपर्यंत वाचलं. कृष्णरावांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला राहवेना. म्हटलं, "तीन ठिकाणी अडखळलीस हं."

शिखा म्हणाली, "काका, बाबा वाचायचे तेव्हा तुम्ही घोरायचात. यंदा निदान जागे तरी राहिलात."