मंत्रिमंडळात बाई एकच

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बाई एकच होती, आरोग्यमंत्री. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळानं पंधरा ऑगस्टला त्या मंत्रिमंडळाचा शपथविधी स्टेजवर करायचं ठरवलं, तेव्हा मी मनातल्या मनात साडीसुद्धा काढून ठेवली. अहो, मी डॉक्टर! निम्म्या मंडळाचं ब्लडप्रेशर आयुष्यभर मीच तपासलं. शिवाय सप्टेंबरमध्ये माझी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ होती. आई होती तोवर भारताचा पासपोर्ट सोडवला नाही. भारतीय म्हणून हा माझा शेवटचा पंधरा ऑगस्ट. पण हे सांगून रोल मागायचा म्हणजे भीकच की, म्हणून गप्प बसले.

रोल गेला माझ्या मैत्रिणीला. का? तर जिच्या बेसमेंटमध्ये तालमी, तिला हवा तो रोल, हा आमचा अलिखित नियम. मी राहते अपार्टमेंटमध्ये, बेसमेंट कुठून आणू? नाटक बसवणारे काका म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही प्रॉम्प्टिंग करा. तुमचा आवाज खणखणीत आहे." खणखणीत म्हणून विंगेत लपवायचा, वा रे वा! असं पित्त खवळलं माझं!

पहिल्याच तालमीत शपथ घेताना मैत्रिणीचा उजवा हात झपकन वर गेला. तिचाच काय, पंतप्रधानांपासून सगळ्यांचे गेले. सगळ्यांनी आयुष्यात शपथ घेतली ती एकदाच, अमेरिकन होताना, डेट्रॉइटच्या कोर्टात, उजवा हात वर करून. काका ओरडले, "अहो, दिल्लीत आहात तुम्ही! कागद बघून वाचा नुसतं." बाकीचे सुधारले. हिचा हात काही ऐकेना.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता हिला काढतील, मला बोलावतील, म्हणून मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. शेवटी हीच दारात उभी, डोळ्यांत पाणी. "तूच सांग गं, काय करू?"

"कागद दोन्ही हातांनी धर," मी म्हटलं. "घट्ट."

ती गेल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पंधरा ऑगस्टला ती पांढऱ्या खादीत उभी राहिली, कागद दोन्ही हातांनी धरून. टाळ्या थांबेनात. विंगेतून मी एकेक शब्द तिच्या आधी म्हणत होते आणि जळून खाक होत होते. फोटोत मी कुठेच नाही.

सप्टेंबरमध्ये कोर्टात मला तीच ड्राइव्ह करून घेऊन गेली. मुलगा कॅलिफोर्नियात, दुसरं येणार कोण? जज म्हणाले, उजवा हात वर करा. आजूबाजूचे सगळे हात वर गेले. मी मात्र शपथेचा कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. हात सुटेचनात. तेवढ्यात मागे पाहुण्यांच्या बाकांवर हालचाल झाली म्हणून वळून पाहिलं, तर ही उठून उभी राहिलेली, मला दिसेल असा स्वतःचा उजवा हात वर करून. मेलीला इथेही पुढे पुढे करायचं होतं!

तिच्याकडे बघत बघत मी एक हात सोडवला.