पाऊण तासाचं पुणं

उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरायचं असलं की त्याआधी गैबी मुजावर काठी घेऊन धावपट्टीवर हजर. पट्टीवर चरणाऱ्या म्हशी हाकलायच्या, एवढंच त्याचं काम. पण ऐट अशी, की जणू विमान तोच खाली उतरवतो!

आयुष्यात तो कधी विमानात बसला नव्हता. तरी लेक नजीरा पुण्यात दिली, तेव्हा भर मांडवात व्याह्यांना म्हणाला होता, "पुणं लांब कुठं हाय? यष्टीला सा तास, इमानाला पाऊण तास. नुसती हाक मारा, आलोच!" मांडव हसला. नजीरानं मात्र ते खरं धरलं. सासरी कुणी टाकून बोललं की म्हणायची, "माझा बा पाऊण तासात हितं येतोय, ध्यानात ठेवा."

शहाऐंशी सालच्या थंडीत, पहाटे फजरच्या नमाजाच्या सुमाराला, विमानतळाच्या कचेरीत पुण्याहून फोन आला. नजीरा बाळंतपणात गेली होती. दुपारी जोहरच्या नमाजानंतर माती द्यायची ठरली होती.

गैबीची बायको इमामबी रडत रडतच घराबाहेर पडली. "चला की ओ, पयली यष्टी गावंल."

"तू हो म्होरं. मी धाच्या इमानानं येतो. तुज्या आदी पोचतो बघ."

येडा म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. इतकी वर्षं लोकांना सांगता सांगता त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं. रोज सलाम घालणाऱ्या माणसाला विमानतळाचे साहेब नाही म्हणणार नाहीत, हा त्याचा भरवसा. लेकीचा बाप होता बिचारा, राग तरी किती धरायचा!

दहाचं विमान अकराला आलं. तसल्या दुःखातही त्यानं म्हशी हाकलल्या आणि मग साहेबांपुढं हात जोडले.

"साहेब, लेक गेली माजी. मला पुण्यापतूर न्या. मागं हुबा ऱ्हातो, दांडीला धरून."

साहेब वाईट नव्हता. त्याचे डोळे भरून आले. "गैबी, विमानात उभं राहून जाता येत नाही रे. आणि आज एकही खुर्ची रिकामी नाही."

विमान उडालं. गैबी त्याच्याकडं बघत राहिला, मग एकदम भानावर आला आणि हमरस्त्याकडं पळत सुटला. सातारा गेलं, खंबाटकीचा घाट आला, सूर्य कलला. एसटीच्या खिडकीशी बसून तो सारखा एकच म्हणत होता, "थांबा रं, थांबा."

तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हशींची काठी अजून हातातच होती. माती देऊन आलेली माणसं दारात बसली होती. आत इमामबी भिंतीला टेकून बसली होती.

"तोंड बघाय गावलं तुला?" त्यानं विचारलं.

"गावलं." तिचा आवाज पार बसला होता. "नमाजाला न्यायला माणसं तिला उचलाय लागली, तवा मीच आडवी पडले. म्हनलं, थांबा, तिचा बा इमानात बसलाय, आता येतोयच."

"मग? थांबली?"

"थांबली की," इमामबी म्हणाली. "तुमीच सांगितल्यालं न्हवं त्यास्नी? पाऊण तास थांबली."