मामूंची रजा आणि एक नवा देश

परक्या देशाला राष्ट्राध्यक्ष मिळावा म्हणून मामूंनी जितका जिवाचा आटापिटा केला, तितका त्या देशातल्याही कोणी केला नसेल. मामू म्हणजे दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे दापोलीकडचे ड्रायव्हर. ते ज्या हॉटेलची गाडी चालवतात तिथेच ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे घरी त्यांची पावलं आणि ऑफिसात त्यांच्या तक्रारी, दोन्ही माझ्याच डोक्यावर. रस्ता सांगणाऱ्या मशीनमधल्या बाईला ते प्रत्येक वळणावर उत्तर देतात, "व्हय गो, दिसतंय मना!" आणि माणसाची लायकी ठरवतात ती गाडीचं दार लावण्यावरून. दार आपटणाऱ्याला त्यांनी कधीच मोठा मानला नाही, मग तो मंत्री का असेना.

गेल्या हिवाळ्यात आमच्या हॉटेलात एका नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची बोलणी आली. दोन बड्या देशांनी खांद्याला खांदा लावून त्याला स्वातंत्र्य मिळवून दिलं होतं, आणि आता खुर्चीवर कोणी बसायचं यावरून तेच दोघे एकमेकांकडे बघेनासे झाले होते. एकाचा माणूस उंच, दुसऱ्याचा बुटका. कोणता कोणाचा, हे मला शेवटपर्यंत पाठ झालं नाही. बोलणी संपेपर्यंत ड्रायव्हरांच्या रजा बंद, असा वरून हुकूम आला. मामूंच्या थोरल्या लेकीचा निकाह पुढच्या शुक्रवारी होता. त्यांचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता आणि मला त्यावर सही करता येत नव्हती, याचं मला फार वाईट वाटत होतं.

मग मामूंनी राजकारण हातात घेतलं. सोमवारी ते उंचाच्या बाजूचे होते, कारण तो दार अलगद लावतो. मंगळवारी बुटक्याने त्यांच्या मुलांची चौकशी केली, म्हणून बुटक्याचे झाले. "मना सांग," ते जिन्यात मला अडवून विचारत, "दोघं एकाच बाजूनं लढले ना? मग भांडण कसलं? आमच्या मशिदीच्या जमातीत अध्यक्ष निवडायला दोन चहा लागतात."

"आणि निवडल्यावर?"

"मग कोर्ट," मामू प्रांजळपणे म्हणाले.

बुधवारी त्यांचा धीर सुटला. गाडीत बसलेल्या साहेबाला खूश ठेवायचं हा ड्रायव्हरी धर्म, त्याला अनुसरून त्यांनी सकाळी उंचाला ठोकून दिलं, "काँग्रॅच्युलेशन, प्रेसिडेंट सर!" दुपारी बुटक्यालाही तेच. ड्रायव्हरला कळलंय म्हणजे आतून ठरलंच असणार, असं दोघांनाही वाटलं. संध्याकाळच्या बैठकीत दोघेही एकदमच उठले आणि आभार मानायला लागले. दोन्ही दोस्त राष्ट्रांनी एकमेकांवर दगाबाजीचा आरोप केला आणि बोलणी आठवडाभर लांबली. चौकशी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी साफ कानांवर हात ठेवले. "मना वाटलं, बोलून टाकलं की होऊन जातंय," मामू म्हणाले. शेवटी ज्याने दोहा कधी पाहिलंही नव्हतं असा तिसराच माणूस त्या खुर्चीवर बसला. तोही कसा, ते मला कळलेलं नाही. पण तोवर शुक्रवार उलटून गेला होता.

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मामू हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले. लग्नासाठी शिवलेली शेरवानी त्यांनी युनिफॉर्मवर चढवली होती. मी बाजूला फोन धरून होतो. स्क्रीनवर मांडव, गर्दी, कोपऱ्यात चेहरा झाकलेली लेक. काजींनी मोठ्या आवाजात विचारलं, "बाप म्हणून तुमची इजाजत आहे?"

एवढं बोलणारा माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तिकडून सगळे ओरडायला लागले, "आवाज येत नाय! भाईजान, आवाज येत नाय!"

मी फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणालो, "इथे रेंज गेलीय हो, जरा थांबा."

रेंज पुरेपूर होती. मांडवातली सगळी माणसं थांबली, आणि मामूंनी शेरवानीच्या बाहीने डोळे पुसेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.