बराबर हाये

काल टोरंटोतल्या माझ्या ऑफिसात एका निर्वासित बाईने जबाबावर अंगठा उठवला. शाईच्या वासाने मी थेट औंढ्याजवळच्या आमच्या गावी, नव्वदच्या दशकातल्या एका दुपारी जाऊन पोचले.

मी दहावीत होते. माझ्या चुलतभावाने मेंढरं राखणाऱ्या गयामावशीच्या नवऱ्याचा हात काठीने मोडला होता. काका गावचे पोलीस पाटील, म्हणून ती तक्रार द्यायला आमच्याकडेच आली. काकांनी कागद लिहिला, पण त्यात तिचा नवरा झाडावरून पडल्याचं होतं.

"तू शाळंत जातीस, लेकरा. काय लिवलंय सांग," मावशी मला म्हणाली.

मी वाचलं. काका माझ्याकडेच बघत होते.

"बराबर हाये, मावशी."

तिने अंगठा टेकवला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

आता प्रत्येक जबाब मी दोनदा वाचून दाखवते, तरी जीव थाऱ्यावर नसतो. वकील झाल्यावर गावी गेले, तेव्हा मावशी राहिली नव्हती. तिच्या नवऱ्याने वाकड्या हाताने मला चहा दिला.

"शेवटपर्यंत म्हणायची," तो सांगू लागला, "आपला कागद ताईनं वाचलाय, निकाल लागंल."