बारा नंबरची लेन्स

बीडच्या दुकानदारानं माझ्यापुढं दोन लेन्स ठेवल्या, एक चोवीस नंबरची आणि एक बाराची. धारूरला माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं ह्यावर पोट चालतं. तेव्हा बीडच्या एका बिल्डरनं नव्या फ्लॅटांचे आतले फोटो काढायचं काम देऊ केलं होतं, आणि माझ्याकडच्या लेन्सनं खोली काढायची म्हणजे पाठ भिंतीत घुसवावी लागायची. तरी समोरचं अर्धंच कपाट मावायचं.

नंबर जितका लहान तितकी जास्त खोली मावते, एवढं मला ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, "चोवीसची घ्या. खोली हाय तशी येती. बारानं मोरीचा बी हॉल व्हतो, पण गिऱ्हाईकानं आत पाय टाकला की शिव्या फोटोवाल्यालाच पडत्यात." ओळखीचा माणूस. चार दिवस दोन्ही घेऊन जा, घरी करून बघा, मग काय ते ठरवा, म्हणाला.

घरी म्हणजे गावाकडं. धारूरपासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. तिथं आई आणि दादा राहतात. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शेरडं राखतो, थोडी कोरडवाहू करतो. शिकायला मी गेलो, शेरडांमागं तो राहिला. लग्नही आधी मीच उरकून घेतलं. थोरल्याचं जमेल तेव्हा जमेल, असं सगळे म्हणाले आणि मीही फार ताणलं नाही. दादा छत्तिशीत आला तरी ते जमलं नाही. शेरडं राखतो म्हटलं की पोरीकडचे चहाही पुरता प्यायचे नाहीत. गेल्या साली त्यानं पुढच्या खोलीत फरशी बसवून घेतली, दोन बाय दोन फुटांची, पांढरी, चकचकीत. रोज स्वतः पुसतो. एखादं करडू चुकून आत शिरलं तर असा ओरडतो की करडापेक्षा आईच दचकते.

त्याच खोलीत मी दोन्ही लेन्स लावून पाहिल्या. आधी चोवीसची. खोली आली, जशी आहे तशी. मग बाराची लावली, कोपऱ्यात तिपाई रोवली, कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर ठेवला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर बघितलं तर माझाच विश्वास बसेना. समोरची भिंत पार लांब पळाली होती. मंगल कार्यालय म्हणून खपलं असतं. फक्त कडेला जे होतं ते ताणलं गेलं होतं. हंडा भोपळ्यासारखा झाला होता आणि उंबऱ्याजवळ बसलेली आई दुप्पट रुंद.

"मला पोत्यावानी केलंस की रे," आई म्हणाली. मग तिला मधे बसवून पुन्हा काढला. आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. दादासाठी त्यानं उमापूरचं एक स्थळ काढलं होतं. "आता पत्रिका ऱ्हाऊ दे, आदी घराचे फोटो मागत्यात," तो म्हणाला. "तू फोटोवाला हायस. धाड की चांगले."

दोन्ही लेन्सचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. मी बाराचे पाठवले. फार विचार केला, असं काही नाही. चोवीसच्या फोटोत आमची खोली इतकी आमचीच दिसत होती की मला तिची लाज वाटली.

दोन दिवसांनी निरोप आला. हॉल लई आवडला, रविवारी घर बघायला येतो.

त्याच दिवशी लेन्स परत करायला बीडला गेलो. दुकानदारानं विचारलं, कोणती ठरली? मी चोवीसची घेतली. बिल्डरच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या मला नको होत्या. परक्यांच्या बाबतीत मी एवढा शहाणा. बाराची लेन्स त्याच्या हातात देताना, चोरीची वस्तू हातातून सुटावी तसं वाटलं, पण फोटो तर उमापूरला पोचले होते.

स्टुडिओत गिऱ्हाईक मान वर करून बसायचं आणि मी बटण दाबायचंच विसरायचो. सगळ्यात भीती दादाची वाटत होती. मामानं त्याला ते फोटो दाखवले, तसा त्याचा मला फोन आला. "आपलं घर असं हाय व्हय बे? मला तर कवा दिसलं न्हाई." त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मी नुसता "हां" म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं. तो समजत होता, ही माझ्या हाताची कला आहे.

रविवारी मी पोचलो तर दादानं भिंत रंगवलेली आणि गावातून आठ खुर्च्या मागून आणलेल्या. जितक्या खुर्च्या जास्त, तितकी खोली बारीक दिसत होती. पण खुर्च्या काढ, हे कोणत्या तोंडानं सांगू?

जीप आली. पोरीचे वडील, चुलते आणि ती स्वतः. हल्ली पोरीही येतात, ते बरंच आहे. पण त्या दिवशी ती आली नसती तर मला बरं वाटलं असतं. वडील चपला काढून आत आले, दारातच थांबले आणि खाली बघत राहिले. मामानं ओळख करून दिली. "पाव्हणे फरशी बसवायचं काम करत्यात. समद्या गेवराई तालुक्यात ह्यांचंच काम. मापं सगळी ही पोरगी लिवून घेती."

चोराच्या मनात चांदणं. वडील उकिडवे बसले, दोन फरशांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगली बसवलीया." दादा फुलला. फोटोतला हॉल कुठं गेला, असं कुणीच विचारलं नाही. ते विचारत नव्हते म्हणून मी जास्त घाबरलो.

मग ती शेरडं बघते म्हणाली. दादा तिला शेरडांच्या वाड्याकडं घेऊन गेला. मी उंबऱ्यातून ऐकत होतो. किती हायत? अठरा. आजारी एखादं? "एक लंगडती. दोन करडं मेली औंदा, माझंच ध्यान न्हवतं," दादा म्हणाला. माझ्या कपाळाला आठी पडली. हे सांगायची काय गरज होती? पण ती त्याच्याकडं बघून हसली, चांगलं मनापासून हसली, आणि माझ्या मनात आलं, जमतंय.

हात धुवायला ती दाराजवळच्या हौदाशी आली. मी तिथंच उभा होतो.

"फोटो तुमी काढलं का?"

"व्हय."

"खोली लई मोठी दिसत हुती."

पलीकडं दादा करडू काखेत धरून उभा होता, आमच्याकडंच बघत. मी म्हणालो, "आज खुर्च्या हायत ना, म्हणून बारकी वाटती. येरवी चांगली मोठी हाय."

तिनं हात झटकले. "एका अंगाला सहा फरशा, एका अंगाला पाच. बारा बाय दहा. फोटोत बी तेवढ्याच हुत्या. मी घरीच मोजल्या."

"मंग आलात कावून?" एवढंच तोंडातून निघालं.

"बारक्या खोलीचं काय न्हाई. आमची बी तेवढीच हाय. इचारल्यावर तुमी काय सांगता, ते बघायचं हुतं."

आवाज चढवला नाही, काही नाही. पदराला हात पुसले आणि जीपकडं गेली. हा लेन्सचा खेळ आहे, खोली लहान आहे, माझं चुकलं, एवढं बोलायला किती वेळ लागला असता?

मंगळवारी मामाचा फोन आला. पोरगी नको म्हणते, कारण सांगत नाही. मला कारण माहीत होतं. तिनं ते घरी सांगितलं नाही, हे तिचे उपकार, पण त्या उपकारांनीच माझी गोची झाली. कारण दादानं आपल्या मनानं कारण शोधून काढलं.

"घर लहान पडलं बघ," तो म्हणाला. "तू फोटोत चांगलं दाखवलंस, पर माणसं आल्यावर कळतंच की." माझ्यावर राग नाही, शब्द नाही. त्या आठवड्यात त्यानं नऊ शेरडं विकली, त्यांत दोन गाभण. मागच्या अंगाला एक मोठी खोली काढायची, म्हणाला. आईनं मला बोलावून घेतलं, समजाव त्याला म्हणून.

मी गेलो तेव्हा तो पायाची आखणी करत होता. एका टोकाला खुंटी ठोकलेली, तिला सुतळी बांधलेली. वाडा अर्धा रिकामा होता. मला बघून त्यानं सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर की बे. ताणून धर."

मी धरलं. सांगायचं असं ठरवूनच आलो होतो. धारूरपासून वाक्य घोकत आलो होतो. पण सांगितलं तर तो सुतळी खाली टाकेल, माझ्याकडं बघेल, आणि तसं त्यानं मला जन्मात कधी बघितलेलं नव्हतं. त्या बघण्याची मला अजूनही भीती वाटते.

तो लांबून ओरडला, "सरळ हाय का बघ! तुझी नजर फोटोवाल्याची."

"सरळ हाय," मी म्हणालो, आणि त्यानं खुंटी ठोकायला घेतली.